ठाण्यात वांगासाठी लेसर टोनिंग केलं, त्याचा वर्षभरानंतरचा अनुभव

आधीच सांगते, गालावर वांग (चेहऱ्यावरचे तपकिरी डाग, मेलास्मा) असेल आणि कोणी पहिल्याच भेटीत लेसरचं पॅकेज पुढे केलं तर पैसे भरू नका, उठून घरी या. मी रागात लिहितेय हे खरंय, पण वर्ष होत आलं, ज्या डागांसाठी गेले होते ते आधीपेक्षा गडद झालेत आणि त्यांच्या मध्येमध्ये पांढरे ठिपके आलेत, जे आधी नव्हतेच.

दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आला. आईला होता, मावशीला अजून आहे, त्यामुळे घरी कोणाला विशेष वाटलं नाही. माझं ऑफिस ऐरोलीला, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने जायचं आणि पुढे चालत, उन्हाळ्यात डाग जास्तच उठून दिसायचे आणि जो भेटेल तो विचारायचा की हे काय झालं गं चेहऱ्याला. म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या क्लिनिकमध्ये गेले. नाव लिहीत नाही, रिफंडचं प्रकरण चालू आहे.

तिथे आधी काउन्सेलर भेटते, डॉक्टर नंतर, आणि तेही उभ्याउभ्या. वुड्स लॅम्प म्हणून एक जांभळट दिवा असतो, त्यात डाग वरच्या थरात आहे की खोल याचा अंदाज येतो, तो कोणी लावला नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, थायरॉइड आहे का, दिवसभर उन्हात किती असता, काही म्हणजे काही विचारलं नाही. काउन्सेलरने मात्र मोबाईलवर हिशोब करून दाखवला, ४५,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ५३,१००, आणि ईएमआयचा फॉर्म तिथल्या तिथे भरून घेतला. "मॅम, टेन्शनच घेऊ नका, डाग मुळापासून जाणार," हे तिचे शब्द.

वांग मुळापासून जात नसतो. तो आटोक्यात ठेवावा लागतो, कारण रंग तयार करणाऱ्या पेशी तिथे जास्तच जोरात काम करत असतात आणि ऊन, हार्मोन्स, घराण्यातून आलेली प्रवृत्ती हे सगळं त्यांना चिथावत राहतं. लेसर साठलेला रंग फोडतो, पेशी तशाच राहतात, उलट आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या स्किनमध्ये त्या उष्णतेने अजून चवताळू शकतात. हे स्किनच्या कुठल्याही डॉक्टरला माहीत असतं. माहीत असून पॅकेज विकलं, माझा मुख्य राग हाच आहे.

मशीन क्यू-स्विच्ड एनडी याग म्हणजे डागांवर वापरतात त्या प्रकारचं लेसर, १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं. डोळ्यांवर धातूच्या वाट्या ठेवतात, मग टकटक आवाज आणि गालावरची बारीक लव जळल्याचा वास, दुखत फार नाही. लेसर डॉक्टर नाही, टेक्निशियन मुलगी मारायची, दर आठवड्याला बोलवायचे. सुरुवातीला चेहरा खरंच उजळ वाटला हे कबूल करायला हवं, ऑफिसमध्ये दोघीतिघींनी विचारलंसुद्धा. मग फोटोंचा प्रकार लक्षात आला. आधीचा फोटो दाराजवळच्या ट्यूबलाइटखाली, चेहरा धुऊन, आणि नंतरचा आतल्या खोलीत रिंग लाइटसमोर, वर त्यांचंच चमकणारं सनस्क्रीन लावून. दोन्ही शेजारी ठेवून "बघा किती फरक!" मी म्हणलं त्याच ट्यूबलाइटखाली काढा, तर म्हणे सिस्टममध्ये असाच अपलोड होतो.

पावसाळा संपता संपता उजव्या गालावर तीळभर पांढरे ठिपके दिसायला लागले, आरसा खिडकीशी नेला की स्पष्ट दिसायचे. मी लगेच दाखवलं. उत्तर काय, तर "स्किन हील होतेय, सेशन्स पूर्ण करा, मध्येच सोडलं तर रिझल्ट येणार नाही." आणि त्या दिवशीही लेसर मारलाच! माझ्या चेहऱ्यावर दिसणारी गोष्ट मी बोट ठेवून दाखवतेय आणि समोरची बाई पॅकेज कार्डावर टिक करतेय, हे मी विसरू शकत नाही.

शेवटी नौपाड्यातल्या एका एमडी स्किन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिव्याखाली नीट बघितलं आणि म्हणाले, "हे लेसर आधी थांबवा. कमी अंतराने परत परत मारलं की रंगाच्या पेशींनाच मार बसतो, त्याचे हे ठिपके आहेत. काही भरतील, सगळे भरतील असं मी सांगणार नाही." क्लिनिकने दिलेली क्रीमची डबी पण दाखवली, तिच्यावर फक्त त्यांचा लोगो, आत काय आहे ते कुठेच नाही. डॉक्टरांना स्टिरॉइडची शंका आली, आणि ती बंद केल्यावर गाल इतके लाल झाले आणि आग आग व्हायला लागली की मला रजा टाकावी लागली.

आता साधंच चाललंय. टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन, कारण वांगाला नुसतं यूव्ही नाही तर डोळ्यांना दिसणारा उजेडही त्रास देतो आणि टिंटमधलं आयर्न ऑक्साइड तो अडवतं, दुपारी परत एक थर, टोपी, आणि रात्री डाग फिकट करायला अझेलेइक अॅसिडचं क्रीम. खर्च महिन्याला हजाराच्या आसपास. कडा जरा फिकट झाल्यात. ठिपके आहेत तसेच आहेत.

कुठेही जायचं असेल तर लेसर कोण मारणार ते आधी विचारा, डॉक्टरांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आणि स्किनमधली डिग्री बघा, आणि लेसर करायचाच असेल तर आधी कानाजवळ छोट्या जागी टेस्ट करून काही आठवडे थांबायला सांगा. जे थांबायला तयार नसतात त्यांच्याकडे नको.

रिफंडला क्लिनिक म्हणतंय उरलेल्या सेशन्सचं फेशियल करून देतो. मी लेखी नकार दिलाय, फोटो आणि नौपाड्याच्या डॉक्टरांचा कागद जोडून मेल केलाय, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. त्यावर अजून उत्तर नाही आणि ईएमआय दर महिन्याला कापला जातोय, उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.