‘वर्ल्ड वॉर वन ओरिजिनल’ म्हणून विकलेले सहा कॅप बॅज: मागची बाजू काय सांगते

वस्तू: ब्रिटिश लष्कराचे टोपीवरचे बॅज, सहा नगांचा लॉट. किंमत 6,500 रुपये, कुरियर वेगळं. विक्रेता ऑनलाइन, नाव देत नाही. आमचं रेटिंग पाचपैकी दीड, आणि तो दीडही रॉयल आर्टिलरीच्या, म्हणजे तोफखान्याच्या, तोफ असलेल्या एका बॅजच्या जिवावर.

जाहिरातीतले सगळे फोटो पुढून काढलेले आहेत. कॅप बॅजच्या धंद्यात हा पहिला इशारा, कारण पुढची बाजू कुणालाही साधता येते. त्या काळातला शिपायाचा बॅज पातळ पत्र्यावर वरखाली ठसे दाबून काढलेला असे. म्हणून पुढे जिथे उंचवटा तिथे मागे खळगा दिसायलाच हवा. बॅज ओतीव असला तर पाठ सपाट किंवा रवाळ असते, आणि बारीक टोचल्यासारखी भोकं भिंगाखाली लगेच दिसतात.

लॉटमधला मशीन गन कोअरचा बॅज नेमका तसा निघाला. दोन आडव्यातिडव्या व्हिकर्स मशीनगन, वर मुकुट. हे दल ऑक्टोबर 1915 मध्ये उभं राहिलं आणि 1922 मध्ये मोडलं. आयुष्य कमी आणि मागणी प्रचंड, त्यामुळे नकलाही भरपूर. या नगाची पाठ रवाळ आहे, कडेने साच्याची शिवण कानशीने घासलेली दिसते, आणि व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) लावला तर खात्रीच्या नगापेक्षा रुंदीला पाऊण मिलिमीटर कमी भरतो. असं का? अस्सल बॅजवरूनच साचा घेतात आणि त्यात ओतलेलं पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. वजन मात्र जास्त, कारण भिंत जाड.

विक्रेत्याने वर्णनात ‘वापराने झिजलेला’ असं लिहिलंय. झीज अशी नसते. ब्रासो पॉलिश लावून वर्षानुवर्षं घासलेल्या बॅजचे उंचवटे गुळगुळीत होतात, पण खोलगट भागातली अक्षरं, बंदुकीच्या नळीवरच्या आवरणाच्या (जॅकेटच्या) रेघा तशाच धारदार राहतात. इथे उंच आणि खोल दोन्ही सारखंच बोथट आहे. ती ओतकामाची बोथटी.

रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा नग जास्त हुशारीने केलाय आणि नवशिका इथेच फसेल. या बॅजवर पांढऱ्या धातूचं हरीण आणि खाली पितळी पट्टीवर रेजिमेंटचं नाव असतं. असा दोन धातूंचा बॅज म्हणजे दोन वेगळे ठोकलेले तुकडे मागून डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेले. उलटा केला की सांधा दिसतो, पांढरा धातू मागूनही पांढरा दिसतो. या नगात सांधा नाहीच. सबंध बॅज एकाच पितळी पत्र्याचा, आणि हरणावर पुढून निकेलचा मुलामा. हरणाच्या पायाच्या आतल्या कडेला मुलामा उडालाय तिथे पिवळं पितळ डोकावतं. मात्र सबंध पितळी वॉरिकशायर बॅज हातात आला म्हणून लगेच नकली ठरवू नका. 1916 मध्ये धातू आणि मजुरी वाचवायला असे दोन धातूंचे बॅज एकट्या पितळेत काढले गेले होते. तो बॅज पांढऱ्या मुलाम्याशिवाय असतो, एवढंच लक्षात ठेवायचं.

रॉयल फ्लाइंग कोअर, म्हणजे ब्रिटिश लष्कराचं विमानदल. 1912 ला स्थापना, 1 एप्रिल 1918 ला रॉयल एअर फोर्समध्ये विलीन. ठसा स्वच्छ, मागे खळगे बरोबर, अक्षरांमधली जागा नीट कापलेली. पुढून दोष काढायला जागा नाही. घोळ स्लायडरमध्ये आहे. स्लायडर म्हणजे टोपीच्या खाचेत सरकवायची मागची उभी पट्टी. ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाली, त्याआधी तारेच्या कड्या असत. (म्हणूनच व्हिक्टोरिया राणीच्या काळचा मुकुट आणि मागे स्लायडर अशी जोडी दिसली की हात आखडता घ्यावा.) इथली पट्टी पातळ, लिबलिबीत, कडा नुकत्याच कातरल्यासारख्या धारदार. डागाचा धातू पट्टीभोवती डबक्यासारखा पसरलाय आणि चंदेरी चमकतोय. टोपीत आतबाहेर केल्याचे उभे ओरखडे एकही नाहीत. पट्टीवर ‘जे. आर. गाँट, लंडन’ हा शिक्का आहे. बर्मिंगहॅमची ही कंपनी खरी आणि नामांकित, पण नेमका हाच शिक्का नव्याने ठोकलेल्या बॅजांवर सर्रास दिसतो. शिक्का हा पुरावा धरू नये, संशयाचं कारण धरावं.

वरचा काळपटपणाही लावलेला आहे. तो स्लायडरच्या खालीही तितकाच गडद, खळग्यात आणि उंचवट्यावर एकसारखा. शंभर वर्षांच्या हवेने येणारा रंग मागून तपकिरी, पुढून पुसलेला, आणि सांदीकोपऱ्यात पॉलिशची वाळलेली पांढरट पूड, असा असतो.

गॉर्डन हायलँडर्सच्या बॅजवर फाटेदार शिंगांचं हरणाचं डोकं आणि आयव्हीच्या वेलीचं कडं असतं. हा नग चुंबकाला चिकटला. तिथेच विषय संपला. पितळ किंवा पांढरा धातू चिकटत नाही. उलट, चिकटला नाही म्हणजे खरा, असं मात्र नव्हे. ओतीव पितळही चिकटत नाही.

पुढचा नग पाहून हसू येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचा म्हणून दिलेला बिगुल, वर मुकुट. पण मुकुट कुठला? 1902 ते 1952 या राजांच्या काळातला मुकुट दोन्ही बाजूंना गोल कमानीसारखा फुगलेला. एलिझाबेथ राणीच्या काळात आलेल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या. या बिगुलावर राणीचा मुकुट आहे. भारत 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झाला, मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. राणी गादीवर बसली 1952 मध्ये. म्हणजे हा बॅज कुठल्याच दिवशी कुणाच्या टोपीवर असू शकत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या सेंटरची परंपरा माहीत असलेल्या मराठी घरात हा नग चटकन विकला जाईल, म्हणून मुद्दाम लिहितोय. 1948 नंतर ब्रिटनकडे राहिलेल्या चार गुरखा रेजिमेंट वेगळ्या. त्यांच्यातल्या काहींच्या बॅजवर राणीचा मुकुट रास्त ठरतो.

रॉयल आर्टिलरीची तोफ मात्र अस्सल. चाकाच्या आऱ्यांमधली भोकं ठशाने कापलेली, कडेवर कापणीच्या बारीक उभ्या रेघा, करवतीची खूण नाही. पितळात तांबूस झाक आहे, कारण अशा बॅजांच्या पितळात तांबं जास्त असतं. स्लायडर कडक, खाली किंचित वाकलेला, दोन्ही कडांना घासल्याच्या खुणा.

प्रतिकृती म्हणून, तशा किमतीत, यातले तीन नग शोकेसला चालले असते. पाकिस्तानातल्या सियालकोटसारख्या ठिकाणी बॅज बनवण्याचा जुना उद्योग आहे आणि तिथला माल प्रतिकृती म्हणून उघडपणे विकला जातो, त्यात गैर काही नाही. तक्रार ‘ओरिजिनल’ या शब्दावर लावलेल्या किमतीची आहे. या विक्रेत्याकडून घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी प्रत्येक नगाचा पाठीचा फोटो, स्लायडरच्या डागाचा जवळून फोटो, तिरप्या उजेडातला कडेचा फोटो आणि मोजपट्टीवर ठेवलेला फोटो मागा. आम्ही पाठीचे फोटो मागितले तेव्हा ‘स्टॉक गोदामात आहे’ असं उत्तर आलं. पाच नगांचे पैसे परत मिळाले, कुरियरचे नाहीत.