लाकडी खांब रोवायचे : सिमेंटमध्ये, मुरमात की नुसते ठोकून?

बांधावर चार बाभळी, निंब उभे असतील, रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) जीव नकोसा केला असेल आणि तयार सिमेंट खांबांचा भाव ऐकून घरचंच लाकूड वापरायचं ठरलं असेल, तर खरा प्रश्न एकच उरतो. खांब जमिनीत बसवायचा कसा? तार किती पदरी, खांब किती फुटांवर, सात फुटी खांबाचे दोन-अडीच फूट जमिनीत जातात, हे तुम्हाला ठाऊकच असणार. ते सोडून देतो.

आमच्या शेताला दोन्ही प्रकार उभे आहेत. रस्त्याकडची बाजू मोठ्या बंधूंनी सिमेंट-खडीत बसवून घेतली, नाल्याकडची आणि मागची मी मुरूम-डबरात (डबर म्हणजे मोठे दगड). लाकूड एकाच बांधावरच्या बाभळीचं, तार एकाच दुकानातली. मोजमाप कुणी ठेवलेलं नाही. येता-जाता नजरेला पडतं तेच सांगतोय. तुमची जमीन वेगळी असेल तर निकालही वेगळा लागू शकतो, हे आधीच कबूल.

सिमेंटच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. काम झटपट होतं. ट्रॅक्टरला खड्डे पाडायचं मशीन लावलं, खांब उभा केला, ओळंबा धरला, माल ओतला, पहारीने घोचला की पुढचा खड्डा. मुरूम ठासायला माणूस लागतो आणि तो शेवटच्या खांबापर्यंत तितक्याच मन लावून ठासेल याची खात्री नसते. सिमेंटला या गोष्टीचं काही देणंघेणं नाही. खर्चाचा अंदाज हवा असेल तर फूटभर रुंद आणि अडीच फूट खोल खड्डे धरले की एक गोणी साधारण तीन खांबांना पुरते. चौरस एकराचा घेर ८३५ फुटांच्या आसपास भरतो. आठ फुटांवर खांब म्हटला तर शंभराच्या वर खांब झाले, म्हणजे पस्तीसेक गोण्या, शिवाय वाळू-खडी. जड वाटतं, पण एकदाच करायचं म्हणून माणूस करतो.

माझं मन फिरलं ते एकाच कटकटीमुळे.

आमची जमीन तापीकाठची, भारी काळी. पावसाळ्यात फुगते, चैत्र-वैशाखात आकसते. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकला की शेतात हात जाईल अशा भेगा पडतात. सिमेंटचा गड्डा, म्हणजे खांबाभोवती घट्ट झालेला गोळा, ना फुगत, ना आकसत. मग माती त्याला सोडून मागे सरते. वैशाखात बांधावर वाकून पाहा, गड्ड्याच्या कडेने गोल फट दिसेल. कुठे बोटभर, कुठे त्याहून मोठी. तुरीची काडी आत सोडली तर सरळ खाली जाते. खांबाला नुसता हात लावला तरी तो हलत्या दातासारखा मुळासकट डुलतो. आमच्या सालदाराने दोन-चार खांब हलवून पाहिले आणि एका वाक्यात रोग सांगितला, "भाऊ, खांब नही, गड्डाज हालस."

बरं, हलतोय हे कळलं, पण करायचं काय? फटीत मुरूम ढकलून पाहिला, मातीही ढकलली. मशीनने पाडलेल्या खड्ड्याचीही बाजू ओबडधोबडच असते, त्यामुळे गड्डाही तसाच. पहारीला आत शिरायला वाट मिळत नाही, ढकललेला माल वरच्या चार-सहा इंचांत अडकतो आणि खालची पोकळी तशीच राहते. पहिला दमदार पाऊस झाला की माती फुगून गड्ड्याला पकडते खरी, पण तो ज्या बाजूला कलला असेल त्याच बाजूला कललेला पकडते. पुढच्या वर्षी आणखी थोडा कलतो. तार ढिली पडते, आणि रानडुकराला खालची तार ढिली असणं एवढंच हवं असतं. दर आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला रस्त्याकडची तार पुन्हा ताणणं हा आमच्याकडे वार्षिक कार्यक्रम झाला आहे.

बंधूंचं म्हणणं वेगळं आहे. खड्डे आणखी फूट-दीड फूट खोल घेतले असते तर हे झालं नसतं, असं ते सांगतात. असेलही. पण काळ्या मातीची ही हालचाल वरवरची नसते. याच मातीत घरं तडकू नयेत म्हणून रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने तळाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, काढले, आणि ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात. कुंपणाच्या खांबासाठी एवढं कोण खोदणार?

कुजण्याचा मुद्दाही आहे. लाकूड कुजतं ते जमिनीच्या रेषेला, वर-खाली वीतभर. खोल मातीत हवा कमी असते, वरचा भाग उन्हात सुकतो. ओल आणि हवा दोन्ही मिळतात त्या मधल्या पट्ट्यात. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचं फावतं. ओलं लाकूड सिमेंटमध्ये बसवलं की सुकून बारीक होतं, सिमेंट आणि लाकूड यांच्यात कागद जाईल एवढी जागा सुटते, आणि तिथे शिरलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही. गड्ड्याचं बूडही सिमेंटने बंद केलं असेल तर विचारायलाच नको. एक खांब रेषेला कुजून मोडला तेव्हा तो गड्डा उपटायला दोन माणसं, पहार आणि शेवटी ट्रॅक्टरची साखळी लागली. असे गड्डे लोक बहुधा बांधावरच सोडून देतात, आणि पुढे कधी बांध सरळ करायला घेतला की रोटाव्हेटरची पाती त्यांच्यावर आदळतात.

आता मुरूम. यात कौशल्य फार नाही, कष्ट आहेत. खांबाच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट रुंद खड्डा घ्यायचा. तळाला चार बोटं खडी, त्यावर खांब. तारेची ओढ ज्या बाजूला पडणार त्या बाजूला खाली-वर दोन मोठे डबर खांबाला घट्ट कोंबायचे. मग मुरूम, पण एकदम नाही. चार-सहा इंचांचा थर टाकायचा, पाण्याचा हलका शिपका मारायचा आणि पहारीच्या बोथट टोकाने खांबाभोवती फिरत ठासायचं. सुरुवातीला आवाज भदभद येतो. थर बसत आला की तो बदलतो, टणक होतो, आणि पहार हातात उसळी घेते. तोपर्यंत पुढचा थर टाकू नये. मजूर कंटाळतात ते इथेच, म्हणून या कामाला स्वतः उभं राहावं लागतं. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत त्याच खड्ड्यात लोटायचा मोह प्रत्येकाला होतो. ती बांधावर पसरा, खड्ड्यात मुरूमच जाऊ द्या.

उन्हाळ्यात माती मुरमालाही सोडते, त्यातून सुटका नाही. पण मुरूम म्हणजे सुटे दाणे. वरून ठासलं की ते फटीत सरकतात. वैशाखात पहार आणि घमेलंभर मुरूम घेऊन बांधाने एक फेरी मारायची, हलेल त्या खांबाभोवती पाच-सात ठोके द्यायचे, कललेला खांब खांद्याने रेटून ओळंब्यात आणायचा आणि पुन्हा ठासायचा. मग पाऊस पडला, माती फुगली, की ती भरलेल्या फटीवर दाबून बसते. माझ्या बाजूचे खांब दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा घट्ट वाटतात. हा हाताचा अंदाज, प्रयोगशाळेचा नाही. आणि खांब मोडलाच तर मुरूम उकरून त्याच खड्ड्यात दुसरा उभा करता येतो.

मुरमाची खोट पाण्यात आहे. काळ्या मातीत मुरमाने भरलेला खड्डा म्हणजे आजूबाजूच्या पाण्याला बसायला जागा, कारण चहूबाजूंची माती पाणी पुढे जाऊ देत नाही. म्हणून वरचा थर जमिनीच्या बरोबरीला आणून थांबू नका. खांबाला टेकून चार-पाच इंचांचा उंचवटा करा, म्हणजे पाणी बाहेर वाहील. नाल्याकडच्या अगदी सखल टप्प्यात एवढं करूनही ओल टिकते. तिथले खांब आधी जातील असं मला वाटतं.

ठोकून बसवण्याबद्दल थोडक्यात. टोक काढलेला तीन-चार इंची सुबाभूळ किंवा नीलगिरी वाफशावर (जमिनीत ओल बेताची, ना चिखल ना टणक, असताना) घणाने ठोकला तर सुरुवातीला त्याच्याइतकी घट्ट पकड कशालाच येत नाही, कारण माती उकरलेलीच नसते. पण डोकं फुटू नये म्हणून लोखंडी कडं घालावं लागतं, जाड बाभूळ असा जात नाही, आणि वाफसा गेला की ठोकणं संपलं. शेत खंडाने घेतलं असेल, केळीचं एक पीक आणि पिलबाग (त्याच्याच पिलांवरचं पुढचं पीक) काढून सोडायचं असेल, तर ठोकाच. सौर झटका मशीनची तार असेल तरीही ठोका, तिथे खांबावर ओढ फारशी येत नाही. कायमच्या कुंपणाला मधले खांब ठोकलेले आणि दर चौथा-पाचवा मुरमात ठासलेला, असं मिश्रणही चालतं.

हे सगळं भारी जमिनीचं झालं. साक्रीकडे किंवा पारोळ्याच्या माळावर फूट-दीड फुटावर मुरूमच लागत असेल तर भेगांचा त्रास नाही, आणि सिमेंटवर मी ठेवलेला मुख्य ठपका तिथे टिकत नाही. तरी तिथे खड्ड्यातून निघालेला मुरूमच परत ठासता येत असताना गोण्या कशाला आणायच्या, हे मला कळत नाही. नदीकाठच्या वाळूसर पोयट्यात मात्र मुरूम पकड धरायला वेळ घेतो. तिथे सिमेंट घातलं तर मी वाद घालणार नाही.

लाकडाबद्दल दोन गोष्टी, कारण त्या चुकल्या तर खांब कशातही बसवा, फरक पडत नाही. बाभळीचा बाहेरचा पांढरा भाग भुंगा आणि वाळवी आधी खातात, टिकतो तो आतला काळपट गाभा. म्हणून कोवळी, बारीक खोडं जाडीला पुरेशी दिसली तरी घेऊ नका. साल काढा. जमलं तर काही आठवडे पाण्यात मुरवा आणि सावलीत सुकवा. नीट सुकल्यावरच जमिनीच्या रेषेच्या वर-खाली वीतभर गरम डांबर लावा. ओल्या लाकडावर डांबर लावलं तर ओल आत कोंडते. टोक जाळून काळं करण्याची जुनी पद्धत आहे, पण जळलेल्या थराला तडे जातात, त्यामुळे माझा त्यावर फार विश्वास नाही. ताज्या तोडलेल्या सुबाभळीचे बुंधे मोरचुदाच्या पाण्यात उभे करून ठेवणारेही आहेत. तसं करणार असाल तर ड्रम प्लास्टिकचा घ्या, लोखंडी ड्रम ते पाणी खाऊन टाकतं, आणि पुढे त्या खांबातल्या साध्या खिळ्यांनाही गंज लवकर धरतो.

पाडलेल्या धाब्याच्या घराचे अंजनाचे खांब कुणी विकत असेल तर भाव न करता घ्या. सातपुड्याच्या अंजनाइतकं जड आणि चिवट लाकूड आपल्याकडे दुसरं नाही. स्वतःच्या शेतातलं असलं तरी साग-खैरासारखं झाड तोडण्याआधी परवानगी लागते. १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा त्यासाठी आहे. कुऱ्हाड लावण्याआधी तलाठ्याकडे चौकशी केलेली बरी.

कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब मी मुरमात धरत नाही. फाटकाचं वजन एका बाजूला रोज लोंबतं, आणि कोपऱ्यावर दोन्हीकडची तार ओढते. तिथे बंधूंचं बरोबर आहे. सिमेंट घाला, पण खांबाचं बूड खडीवर टेकलेलं आणि उघडं ठेवा, गड्ड्याचा माथा जमिनीच्या वर आणून बाहेरच्या बाजूला उतरता करा आणि कोपऱ्याला तिरपा टेका द्या. असे चार-सहा गड्डे उन्हाळ्यात हलले तरी टेका त्यांना धरून ठेवतो.

कामाला हात घालायचा तो कार्तिक-मार्गशीर्षात, जमीन वाफशावर असताना. वैशाखात खड्डा घ्यायला गेलात तर पहार वाजते, आणि श्रावणात चिखल होतो. मुरूम गौण खनिजात मोडतो, तेव्हा ट्रॉलीवाल्याकडे वाहतुकीची पावती आहे ना ते बघा. आणि लागेल त्यापेक्षा अर्धी ट्रॉली जास्तच मागवून बांधाच्या कोपऱ्यावर ओतून ठेवा. वैशाखातल्या फेरीला तो लागतोच, उरला तर गोठ्यासमोरच्या चिखलात टाकता येतो.