सिस्प्लॅटिननंतरचं श्रवणयंत्र: कानातलं की कानामागचं?

सिस्प्लॅटिन या कॅन्सरवरच्या केमोच्या औषधाने कान गेलेल्यांचे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचे आलेख, बरेचसे एकाच वळणाचे असतात. १००० हर्ट्‌झपर्यंत (खालचे, जाड सूर) ठीक, ४००० आणि ८००० ला (वरचे, बारीक सूर) सरळ खाली. आवाज येतो, शब्द निसटतो. भाजीवाली ‘साठ’ म्हणते, आपण ‘आठ’ ऐकतो.

मला कॉलेजात असताना ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, झाला. केमो संपून केस परत आले, आणि यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा माझी अट एकच: दिसता कामा नये. लोकांच्या चौकशा पुरे झाल्या होत्या. म्हणून आधी घेतलं ते कानाच्या नळीत पूर्ण आत बसणारं सीआयसी.

त्याचे गुण खरे आहेत. चष्मा, मास्क, हेल्मेट, कशाशीच भांडण नाही. पण नळीला बूच बसतं. आपले खालचे सूर शाबूत असतात, त्यामुळे स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. जेवताना तर विचारू नका. पापड मोडला की समोरच्याचं वाक्य गेलंच. आमच्या घरी सगळे एकत्र बोलतात ते जेवतानाच, आणि नेमकं तेव्हाच मी यंत्र काढून ठेवू लागलो. व्हेंट, म्हणजे यंत्रातलं हवेचं भोक, मोठा करून घेतला, तर घुमणं कमी झालं आणि शिट्टी सुरू झाली.

आता आरआयसी वापरतो. यंत्र कानामागे, बारीक वायर, नळीत उघडा डोम, म्हणजे भोकं असलेली मऊ टोपी. खालचे सूर आपल्या वाटेने आत येतात, यंत्र फक्त वरचे भरून काढतं. पापड चावत गप्पा होतात. मास्क काढताना मात्र वायर अडकते, आणि पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला विसरून चालत नाही. कानातली कुईकुई, माझ्यापुरतं सांगतो, दोन्हींनी सारखीच झाकली जाते.

आणखी एक. केमो संपल्यावरही काहींचं ऐकणं उतरत राहतं. आरआयसीला जास्त ताकदीचा रिसीव्हर, म्हणजे नळीतला छोटा स्पीकर, बदलून लावता येतो. सीआयसी बहुधा नवंच घडवावं लागतं.

अर्थात तुमचे खालचे सूरही गेले असतील, तर उघडा डोम पुरा पडणार नाही आणि माझा हिशेब तुम्हाला लागू नाही. ऑडिओलॉजिस्टलाच विचारा. आरआयसी बहुतेक ठिकाणी लगेच लावून दाखवतात, सीआयसीला बहुधा आधी कानाचा साचा द्यावा लागतो. ट्रायलला जाताना खिशात एखादी चकली ठेवा, आणि ती खाता खाता त्यांच्याशी बोलून बघा.