स्क्रायबस १.६ (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर): मराठी पत्रिका, बिलबुकं करणाऱ्यानं एकदा वापरून पाहाच

आमचं दर्यापूर तालुक्यात डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, तेरवीची कार्डं असंच काम. इतकी वर्षं सगळं पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर केलं, पण त्याचं ७ व्हर्जन २००१ चं, पुढं नवीन निघालंच नाही अन् त्याले युनिकोड, म्हणजे मोबाईलवर मराठी टाइप होते ती पद्धत, कळत नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवते, तो कन्व्हर्टरमधून काढा, जुन्या फॉन्टमधे टाका, मग जोडाक्षरं तपासत बसा. मागच्या लग्नसराईत असाच ‘शुभाशीर्वाद’मधला रफार उडाला, ‘शुभाशीवाद’ छापून आलं अन् तीनशे पत्रिका मले घरून भरून द्याव्या लागल्या. वधूच्या वडिलांचं तोंड पाहवत नव्हतं.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना किंमत नंतर पहा, आधी त्यात ‘चि. सौ. कां.’, ‘श्रीकृपेकरून’ अन् ‘आशीर्वाद’ टाइप करून पहा. स्क्रायबसच्या जुन्या १.४ मधे वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसायची, १.६ मधे मुक्ता फॉन्ट घेऊन पाहिलं तर सगळं जागच्या जागी. व्हॉट्सॲपवरचा मजकूर जसाच्या तसा पेस्ट होते, याचंच मले लय समाधान आहे! फुकट आहे, सीएमवायके (छपाईचे चार रंग) आहे, पीडीएफ काढायच्या आधी फोटो कमी रिझोल्यूशनचा असला तर तेही सांगते.

टेबल मात्र कच्चं आहे, बिलबुकाच्या रेघा मी हातानंच ओढतो, अन् मजकूर जास्त पानांचा असला की जड चालते. दिवाळी अंक, पुस्तकं करत असाल तर इनडिझाइनच घ्या भाऊ, फक्त त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग चालू करा नाहीतर जोडाक्षरं तुटतात. पण त्याचं भाडं बाराही महिने भरा लागते, आमच्यासारख्या लग्नसराईवर चालणाऱ्या दुकानाले ते झेपत नाही.

घरी वाढदिवसाचं कार्ड करायचं तर मोबाईलवर कॅनव्हा ॲप पुरे. पब्लिशर हे सॉफ्टवेअर नव्यानं शिकू नका, मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०२६ पासून ते बंद करून राहिलं, ज्यांच्याकडं पब्लिशरच्या फायली असतील त्यांनी आत्ताच पीडीएफ काढून ठेवा.

अन् पेजमेकर कॉम्प्युटरवरून लगेच उडवू नका, जुन्या गिऱ्हाईकांची बिलबुकं त्यातच आहेत.