टायर पॉलिश, दिवाळी ते पावसाळा वापरून: लिक्विड चांगलं, नोजल भंगार

आधी मी तीन स्टार दिले होते, ते घेतल्या घेतल्या लिहिलेलं, ते सोडून द्या. आता दिवाळीपासून पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले तिथपर्यंत वापरलंय, अर्ध्या लिटरची दुसरी बाटली तळाला आलीय, तेव्हा आता जरा नीट लिहितो. प्रॉडक्ट म्हणजे ते पांढरट दुधी रंगाचं वॉटर बेस्ड टायर ड्रेसिंग, ट्रिगर स्प्रेवाल्या बाटलीतलं. कंपनीचं नाव घेत नाही, आत सगळ्यांचं साधारण तेच असतं, पाण्यात घोळलेलं सिलिकॉन. फरक पडतो तो नोजलमध्ये, त्यावर येतोच.

घ्यायचं कारण वॉशिंग सेंटर. रत्नागिरीत जिथे गाडी धुवायला द्यायचो तिथे शेवटी पोरगा विचारणार, "काका, टायर काळे करू ना?" आपण हो म्हटलं की कॅनमध्ये ब्रश बुडवून चोपड चोपड चोपडणार. टायर चकाचक. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर पांढऱ्या वॅगनआरला प्रत्येक चाकामागे काळे तेलकट शिंतोडे, पुढचे तर पार दारापर्यंत. मालकाला दाखवलं तर म्हणे "साहेब, रस्त्यावरचं डांबर उडालं असेल." अहो पण डांबर बोटाने पुसलं जातं का कधी? हे पुसलं जात होतं. कॅनचा वास घेतला तर सरळ डिझेल आणि जळकं ऑईल. दिसायला दोन दिवस झकास, पण डिझेल-ऑईलने रबर फुगतं, मऊ पडतं, म्हणजे पैसे देऊन टायरची वाट लावून घ्यायची. पॉलिशचे पैसे परत मागितले, दिले नाहीत, पुढच्या वेळी फोम वॉश फ्री देतो म्हणाला. मी पुढच्या वेळी गेलोच नाही.

तर आता नोजल. एवढं चांगलं लिक्विड बनवणाऱ्याने बाटलीच्या तोंडाला हे असलं का लावावं हे मला अजून कळलेलं नाही. ट्रिगर दाबला की पंख्यासारखा फवारा, त्यातलं निम्मं टायरवर, बाकीचं रिमवर, फेंडरच्या आत, खाली फरशीवर आणि वारा असला की आपल्या चष्म्यावर. पातळी बघत होतो ना मी, पेनने बाटलीवर खुणा करून ठेवल्यात, बायको हसते. फवारून चार टायर केले की जेवढं उतरतं त्याच्या निम्म्यात स्पंजने होतात. शिवाय मानेपाशी गळतं, कपाटात बाटलीखाली चिकट गोल डाग, आणि त्या फिरवायच्या बोंडावर ऑफ लिहिलंय ते नुसतं लिहिण्यापुरतं. पैसे एक वेळ जाऊ द्या, पण स्पोकच्या फटीतून फवारा आत ब्रेकच्या डिस्कवर जातो हे लक्षात घ्या. सिलिकॉन आणि ब्रेक हे जमणारं गणित नाही. म्हणून मी फवारणं केव्हाच बंद केलं. जुन्या गादीतल्या फोमचा साबणाच्या वडीएवढा तुकडा कापला, झाकण काढून त्यावर थोडं ओततो आणि टायरच्या फक्त बाजूच्या भिंतीवर गोल गोल फिरवतो. स्पंज फुकट.

कस्टमर केअरला मेल टाकला. त्यांनी बिल मागितलं, नोजलचा व्हिडिओ मागितला, मी गळणाऱ्या नोजलचा व्हिडिओ काढून पाठवला, आणि आठवड्याने कुरियरने नवीन नोजल आलं. खूष झालो. लावलं. तेही गळतं.

आता मत कसं बदललं ते. पहिल्यांदा वाटलेलं लिक्विडच फालतू आहे, कारण लावल्यावर टायर मस्त काळे, जास्त चमक नाही, नव्या टायरसारखा मंद काळा रंग, आणि दहा-बारा दिवसांत परत तपकिरी. मी म्हटलं झालं, गंडवलं. मग जरा वाचलं तर कळलं की तो तपकिरी रंग म्हणजे सगळी धूळ नसतेच. हवेतल्या ओझोनने रबराला चिरा पडू नयेत म्हणून टायर बनवतानाच त्यात एक रसायन घालतात, ६पीपीडी नावाचं, ते टायर फिरताना हळूहळू आतून पृष्ठभागावर येतं, ओझोनशी भिडतं आणि तपकिरी पडतं. म्हणजे टायर आपलं काम करतोय म्हणून तसा दिसतोय. नवीन टायर टाकून महिना होत नाही तोच तपकिरी दिसले की लोक दुकानदाराशी भांडतात जुना माल दिला म्हणून, त्यांनी हे वाचा. (ह्याच रसायनाची एक वाईट बाजू पण आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की ओढ्यात आलेले कोहो जातीचे सामन मासे पटापट मरायचे, २०२० मध्ये तिथल्या संशोधकांनी शोधलं की ६पीपीडी ओझोनने बदलून जे बनतं, ते टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावरून वाहत जाऊन त्यांना मारतंय. आम्ही मासे खाणारी माणसं, त्यामुळे वाचून जरा चरकलो. तेव्हापासून निदान घासलेलं पाणी सरळ वहाळात सोडत नाही.)

मग खरा फरक कशाने पडला? घासण्याने. आधी मी नुसतं पाणी मारून, फडक्याने पुसून लिक्विड लावत होतो, म्हणजे तपकिरी थरावरच मेकअप. आता कपडे धुवायचा कडक नायलॉनचा ब्रश घेतो, भांड्यांचं लिक्विड पाण्यात कालवतो आणि घासतो. पहिला फेस येतो तो चक्क गाळलेल्या चहाच्या रंगाचा, बघून किळस येते. धुवायचं, परत घासायचं. फेस पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही, एवढा एकच नियम. पुढच्या चाकांना जास्त वेळ लागतो कारण तिथे डिस्क ब्रेक आहेत आणि पॅडची भुकटी बाहेर उडते, मागे ड्रम असल्यामुळे ती बरीचशी आतच राहते. नवीन टायर असतील तर साच्यातून सुटावा म्हणून कारखान्यात लावलेलं द्रव्य वर राहिलेलं असतं, त्यावर काहीच नीट धरत नाही, आधी तेच घासून काढा. आणि टायर पूर्ण सुकू द्या, ओल्या टायरवर हे वॉटर बेस्ड लिक्विड लावलं तर पातळ होऊन ओघळतं. लावून झालं की पंधरा-वीस मिनिटं गाडी हलवायची नाही, नंतर जुन्या बनियनने एक हात फिरवायचा, जास्तीचं निघून जातं. असं केल्यापासून दारावर शिंतोडा नाही म्हणजे नाही. उन्हाळ्यात नीट घासून लावलेलं तीनेक आठवडे छान टिकलं, म्हणून स्टार वाढवला.

पावसाळ्यात मात्र फार अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडची लाल माती टायरवरच्या उठावदार अक्षरांत जाऊन बसते, कंपनीचं नाव पार भगवं होतं, ती जुन्या टूथब्रशनेच निघते. जोरदार सरी असल्या तर चार दिवसांत लिक्विड गेल्यातच जमा, बाटलीवर कितीही वॉटरप्रूफ लिहिलेलं असो. मी जून-जुलैत नुसतं घासतो, पॉलिश करत नाही, उगाच कशाला पैसे पाण्यात.

एक मात्र कळकळीने सांगतो. रस्त्याला टेकतो त्या भागावर, म्हणजे नक्षीवर, हे अजिबात लावू नका, आणि स्कूटर-बाइकच्या टायरला तर लावूच नका. गाडी वळताना तिरकी होते तेव्हा टायरची कडच रस्त्यावर येते, चमकवायच्या नादात घसरून पडाल. शेजारच्या दादांचा मुलगा नवीन बाइकला मारायला मागत होता, मी बाटली दिली नाही, तो अजून गाल फुगवून आहे.

आणि सेकंडहँड गाडी बघायला गेलात आणि टायर आरशासारखे चमकत असतील तर भुलू नका. खाली वाका, टायरच्या भिंतीवर डॉट (DOT) ह्या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्यातले शेवटचे चार आकडे बघा, ३४१९ असेल तर २०१९ च्या ३४व्या आठवड्यातला टायर. कधी कधी हे आकडे आतल्या बाजूला असतात, मोबाइल घालून फोटो काढायचा. नक्षीच्या खाचेत जे छोटे उंचवटे असतात तिथपर्यंत झिजला असेल, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरलाय, तर तो कायद्यानेच संपला. भिंतीला बारीक चिरा असतील तर त्याही पॉलिशने दोन-चार दिवस झाकल्या जातात, नख घालून बघा.

तर लिक्विडला पाचपैकी साडेचार, नोजलला शून्य, मिळून चार देतोय. ह्यांचा पाच लिटरचा कॅन पण मिळतो, लिटरमागे जवळजवळ निम्म्याने स्वस्त पडतो आणि त्याला साधं बूच असतं. बिल्डिंगमधल्या दोघांना विचारलंय, गणपतीच्या आधी तिघांत मिळून मागवू म्हणून, एक जण हो म्हणालाय, दुसरा अजून डिझेलवरच अडून बसलाय.