रोबोट की सॅलमँडर? कारेल चापेक वाचायला कुठून सुरुवात करावी

चेक लेखक कारेल चापेक आपल्याकडे बहुतेकांना ‘रोबोट’ या एका शब्दापुरता माहीत असतो. त्यामुळे त्याचं काहीतरी वाचावं असं मनात आलं की हात आपसूक तो शब्द जगाला देणाऱ्या ‘आर. यू. आर.’ (म्हणजे ‘रॉसम्स युनिव्हर्सल रोबोट्स’) या नाटकाकडे जातो. नाटक छोटं आहे, गाजलेलं आहे, शिवाय फुकट मिळतं. तरीही कादंबऱ्या वाचायची सवय असलेल्याने ते दुसऱ्या नंबरावर ठेवावं आणि सुरुवात ‘सॅलमँडरांशी युद्ध’ या १९३६ च्या कादंबरीने करावी, असं माझं मत आहे. सॅलमँडर म्हणजे सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी. इंग्रजीत ही कादंबरी ‘वॉर विथ द न्यूट्स’ या नावाने मिळते.

वरवर पाहिलं तर दोन्हीकडे गोष्ट एकच. राबवून घ्यायला माणसाला कुणीतरी सापडतं, त्याच्या जिवावर धंदा फोफावतो, त्याच्या हाती हत्यारं दिली जातात आणि मग तो उलटतो. पण नाटक तिशीतल्या, रंगभूमीवर नव्याने आलेल्या माणसाने लिहिलंय आणि कादंबरी वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य घालवलेल्या पत्रकाराने. कुठलं आधी वाचायचं हे ठरवताना मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चापेक १८९० सालचा, बोहेमियातल्या माले स्वातोनोविसे गावचा, डॉक्टरांचा धाकटा मुलगा. तत्त्वज्ञानात त्याने १९१५ साली डॉक्टरेट मिळवली. पाठीच्या कण्याचं दुखणं असल्यामुळे पहिल्या महायुद्धात त्याला लष्करात जावं लागलं नाही. १९१७ पासून तो पत्रकारितेत होता आणि १९२१ पासून मरेपर्यंत ‘लिदोवे नोविनी’ या दैनिकात. बागकाम, घरातलं कुत्र्याचं पिल्लू, परदेशचे प्रवास, चेकोस्लोव्हाकियाचे राष्ट्राध्यक्ष मासारिक यांच्याशी झालेल्या गप्पा अशा सगळ्यावर त्याने लिहिलं. विज्ञानकथालेखक हे बिरूद त्याला बाहेरच्या जगाने चिकटवलं. थोरला भाऊ योसेफ चित्रकार आणि लेखक. ‘रोबोट’ हा शब्द त्याने सुचवलेला, हे कारेलनेच नंतर छापून सांगितलं.

आता नाटक. ‘आर. यू. आर.’ पुस्तकरूपात आलं १९२० मध्ये. प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर पहिला प्रयोग झाला २५ जानेवारी १९२१ ला. पण त्याआधीच, २ जानेवारीला, ह्रादेत्स क्रालोवे या गावातल्या हौशी मंडळींनी ते करून टाकलं होतं. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी जिवाचं रान करणाऱ्यांना हे वाचून बरं वाटेल. पुढच्या दोन-अडीच वर्षांत न्यूयॉर्क आणि लंडनलाही ते लागलं.

वाचताना पहिला धक्का बसतो तो यातल्या रोबोटांचा. ते पत्र्याचे, नटबोल्टांचे नाहीतच. एका बेटावरच्या कारखान्यात रासायनिक लगदा घोळून त्यांचे अवयव बनतात, नसा आणि शिरा गिरणीत सूत काढावं तशा काढल्या जातात. दिसायला ते हुबेहूब माणसांसारखे, इतके की पाहुणी म्हणून आलेली हेलेना रोबोट मुलीला माणूस समजते आणि कारखान्यातल्या माणसांना रोबोट. दहा वर्षांनी रोबोट जगभर बंड करतात आणि कारखान्याच्या वरिष्ठांना घरात कोंडतात. कुंपणात वीज सोडलेली. बाकीचे जीव मुठीत धरून बसलेले असताना हिशेबनीस बुसमान मात्र शांतपणे कंपनीचा ताळेबंद पुरा करत असतो. उत्पादन संचालकांच्या हातात होतं असं वाटतंय का तुम्हाला, असं तो विचारतो. मागणीच सगळ्यांना ओढत नेत होती, हे त्याचं साधं गणित. मग तो नोटांचे गठ्ठे घेऊन सगळ्यांचे प्राण विकत घ्यायला बाहेर पडतो. बाकीचे खिडकीतून पाहत राहतात. रोबोटांशी सौदा करता करता त्याचा स्पर्श तारेला होतो आणि संपलं. शंभर वर्षांनंतरही हा प्रवेश तसाच अंगावर येतो.

पण सगळं नाटक त्या तोलाचं नाही. सुरुवातीला डोमिन हा व्यवस्थापक हेलेनाला कारखान्याचा इतिहास सांगतो, तो चक्क व्याख्यान वाटतो. हेलेना एक आणि तिच्यावर भाळलेले पुरुष अर्धा डझन. तिच्या वाट्याला आलेलं एकमेव ठाम कृत्य म्हणजे रोबोट बनवण्याच्या कृतीचं हस्तलिखित जाळणं. तेही बाकीच्यांना पत्ता लागू न देता. शेवटी दोन रोबोट एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि सृष्टी नव्याने सुरू होणार अशी आशा दाखवली जाते. रंगमंचावर चांगला नट-नटीचा जोड हे तारून नेईल. घरात एकट्याने वाचताना मला ते गुळमट वाटतं.

नाटकाची खरी ताकद वादात आहे. त्यात कुणीही दुष्ट नाही. डोमिनला माणसाची कष्टातून सुटका करायचीय, हेलेनाला रोबोटांना न्याय हवाय, वृद्ध अल्क्विस्टला हाताने विटा रचण्यात समाधान आहे, बुसमानला हिशेब जुळायला हवा. लंडनला प्रयोग झाल्यावर तिथल्या मोठमोठ्या लेखकांनी यावर जाहीर चर्चा केली. तेव्हा चापेकने लिहिलं ते साधारण असं: मला रोबोटांपेक्षा माणसांत रस आहे, आणि यातला प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर आहे. नाटकं वाचताना पात्रांचे आवाज ज्यांना आपोआप ऐकू येतात, त्यांनी माझा सल्ला बाजूला ठेवून इथूनच सुरुवात करावी. एका संध्याकाळी वाचून होतं.

कादंबरी अडीच-तीनशे पानांची आहे आणि ती चापेकच्या दैनिकातच १९३५-३६ मध्ये क्रमशः छापून आली. कप्तान फान तोख हा डच नावाने वावरणारा, पण मुळात चेक, दर्यावर्दी. सुमात्राजवळच्या एका बेटाशी त्याला दोन पायांवर चालणारे सॅलमँडर दिसतात. शार्कपासून बचाव करायला तो त्यांना सुरे देतो, बदल्यात ते त्याला शिंपल्यातले मोती काढून देतात. भांडवलासाठी तो प्रागमध्ये जी. एच. बोंडी या उद्योगपतीच्या दारात येतो. दार उघडणारा नोकर पोवोंद्रा या अवतारातल्या माणसाला आत सोडावं की नाही असा क्षणभर विचार करतो आणि सोडतो. पुढे जगाचं जे काही होतं, ते आपण दार उघडल्यामुळे झालं असं तो बिचारा शेवटपर्यंत म्हणत राहतो.

इथपर्यंत ही सरळ दर्यावर्दी साहसकथा आहे. दुसऱ्या भागात चापेक वेगळाच डाव टाकतो. पोवोंद्राला सॅलमँडरांविषयीची कात्रणं जमवायचा नाद लागतो, आणि पुढचा इतिहास आपण त्या कात्रणांतून वाचतो: बातम्या, शास्त्रज्ञांचे अहवाल, जाहीरनामे, कंपनीच्या सभेचं इतिवृत्त, पानभर पसरलेल्या तळटीपा. काही दुवे गहाळ आहेत, कारण पोवोंद्राच्या बायकोने घर आवरायच्या भरात बरीच कात्रणं चुलीत घातली. सॅलमँडरांचा बाजारभाव प्रतवारीने येतो: वर सगळ्यांत महाग मुकादम, मग जड कामाचे, टोळीने राबणारे, किरकोळ कामाचे, टाकाऊ, आणि शेवटी पिल्लं. मार्केट यार्डातली भावपत्रकं वाचणाऱ्याला हा सूर लगेच ओळखू येईल. चापेक कुठे आवाज चढवत नाही, गुलामगिरीवर भाषण देत नाही. नुसता दर छापतो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला अँडी हे माझं आवडतं प्रकरण. हा सॅलमँडर बोलायला आणि वाचायला शिकतो, पण वाचतो फक्त वर्तमानपत्र. शास्त्रज्ञ त्याची परीक्षा घेतात, तेव्हा तो छापील मतं जशीच्या तशी ऐकवतो. समितीचा निष्कर्ष असा की त्याच्या बुद्धीचं फार कौतुक करायला नको, कारण ती आजच्या सर्वसाधारण माणसापेक्षा काही जास्त नाही. पुढे प्रेक्षकांनी भरवलेल्या गोडधोडाने अँडी मरतो.

हसवता हसवता पुस्तक काळवंडत जातं. सॅलमँडरांना उथळ पाणी लागतं, संख्या वाढली की किनारे कमी पडतात, म्हणून ते जमीन फोडून समुद्र आत आणतात. त्यासाठी लागणारी स्फोटकं त्यांना माणसंच विकतात. प्रत्येक देशाला शेजाऱ्याच्या सॅलमँडरांची भीती, म्हणून प्रत्येक जण आपापले सॅलमँडर शस्त्रसज्ज करतो. जर्मनीत तर बाल्टिक समुद्रातला सॅलमँडर वंशाने श्रेष्ठ असल्याचा शोध लागतो. शेवटी मोठी राष्ट्रं वाटाघाटीसाठी लिश्टेनश्टाइनच्या वादुझ शहरात जमतात, कारण डोंगरात सॅलमँडर पोचू शकत नाहीत. तिथे चीनची भूमी देऊन टाकण्याचा तोडगा निघतो. हे लिहून तीन वर्षंही झाली नव्हती, तोच सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला चार सत्तांनी चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा देश कापला जात होता, त्यांचे प्रतिनिधी वाटाघाटींच्या टेबलावर नव्हते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला चापेक न्यूमोनियाने गेला. मार्च १९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये शिरले. योसेफला त्या सप्टेंबरात अटक झाली आणि १९४५ मध्ये बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीत त्याचा अंत झाला.

म्हणून दोन्ही समोरासमोर ठेवली की मला कादंबरी सरस वाटते. नाटकात बंडाचं कारण पात्रं एकमेकांना समजावून सांगतात. कादंबरीत ते कुणाच्याच लक्षात येत नाही आणि तरी छापील कागदांतून आपल्याला दिसत राहतं. नाटकातला कारखाना जुना झालाय. कादंबरीतली वर्तमानपत्रं, कंपन्या आणि समित्या अजिबात जुन्या झालेल्या नाहीत. विनोदाच्या बाबतीत तर तुलनाच नको.

पण कादंबरीही सगळ्यांच्या पचनी पडणारी नाही. जिवाभावाचं पात्र लागत असेल, नायकाबरोबर शेवटपर्यंत चालायचं असेल, तर दुसऱ्या भागात दम निघेल; मध्येच पुस्तक मिटणारे बहुधा तिथेच मिटतात. पहिल्या भागात मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्या सिंहली माणसांविषयी कप्तानाच्या तोंडी जे येतं, ते आज खटकतं. बायका इथेही जवळजवळ नाहीतच, एक हॉलिवूडची होतकरू नटी आणि पोवोंद्राची बायको सोडली तर.

स्त्री पात्र मध्यभागी हवं असेल तर या दोन्ही वाटा सोडून ‘माक्रोपुलोस प्रकरण’ घ्या. १९२२ चं नाटक. शंभर वर्षं कोर्टात लोंबकळणारा वारसाहक्काचा खटला, आणि त्यातले जुने तपशील चमत्कारिकरीत्या माहीत असणारी एमिलिया मार्टी ही गायिका. तिचं खरं वय ३३७ आहे. वडील सम्राट रुडॉल्फचे वैद्य होते आणि आयुष्य तीनशे वर्षांनी वाढवणाऱ्या औषधाचा प्रयोग त्यांना मुलीवर करावा लागला होता. दिवाणी खटले पिढ्यान्पिढ्या चालतात हे आपल्याला समजावून सांगायची गरज नसल्यामुळे पहिला अंक फारच ओळखीचा वाटतो. इतकं जगून तिला कशाचंच काही वाटेनासं झालंय, आणि तो कंटाळा चापेकने जबरदस्त रंगवलाय. यावर चेक संगीतकार यानाचेकने केलेला ऑपेरा १९२६ मध्ये ब्रनोला आला आणि जगात आज मूळ नाटकापेक्षा तोच जास्त होतो.

१९२२ चीच ‘अ‍ॅब्सोल्यूटचा कारखाना’ ही कादंबरी कल्पना म्हणून सगळ्यांवर मात करते. एक यंत्र कोळशातला अणू न् अणू जाळून ऊर्जा देतं, आणि धुरासारखा त्यातून सुटतो साक्षात परमेश्वर. यंत्राजवळ येणाऱ्याला साक्षात्कार होतात, प्रत्येक पंथाला आपलाच देव खरा असल्याची खात्री पटते आणि महायुद्ध पेटतं. पहिली शंभर पानं बहारदार, पुढे मात्र ही कादंबरी विस्कटते. ‘क्राकातित’ मध्ये अणुबॉम्बची चाहूल लागते म्हणतात. लागते खरी, पण तापाच्या भरात लिहिल्यासारखी ती प्रेमकथा पहिल्याच भेटीत कुणी घेऊ नये. ‘पांढरा रोग’ हे १९३७ चं नाटक साथ, औषध आणि हुकूमशहा यांच्याविषयी आहे. कोविडनंतर ते लोकांनी पुन्हा काढून वाचलं तर नवल नाही, पण त्यात चापेकची थट्टा फार कमी उरलीय.

भाषांतराची निवड मात्र जपून करा. ‘आर. यू. आर.’ चं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळणारं इंग्रजी रूप १९२३ च्या आसपासचं, पॉल सेल्व्हरच्या भाषांतरावर नायजेल प्लेफेअरने हात फिरवलेलं आहे. त्यात कापाकापी झालीय, एक रोबोट पात्र तर पूर्ण गायब आहे. पेंग्विनने छापलेलं क्लॉडिया नोव्हाकचं भाषांतर त्याहून बरंच पूर्ण आहे. कादंबरीची दोन भाषांतरं सहज आढळतात, वेदरॉल दांपत्याचं १९३७ चं आणि एवाल्ड ओसर्सचं १९८५ चं. मी ओसर्सचं घेईन, त्याच्या इंग्रजीत वर्तमानपत्री सूर जास्त मोकळा लागतो. आणि शक्यतो छापील प्रत घ्या. कात्रणांची वेगवेगळी अक्षरं, मथळे आणि लांबलचक तळटीपा मोबाईलवरच्या साध्या ई-प्रतीत एकाच रांगेत येतात, आणि मग बातमी कुठे संपली आणि गोष्ट कुठे सुरू झाली हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो.