रीसेट की कोरी विंडोज : मंदावलेल्या संगणकासाठी दोन मार्ग

सोलापुरातल्या ज्या घराशेजारी यंत्रमाग चालतात, तेथे संगणक मंदावला की आधी पंख्यात अडकलेले सुताचे तंतू आणि धूळ काढावी. कारण प्रोसेसर तापला की तो आपला वेग स्वतःच कमी करतो आणि हा दोष विंडोज मूळ स्थितीत आणणाऱ्या कोणत्याही रीसेटने जात नाही. त्यानंतरही सुधारणा नसेल, तरच पुढील दोन मार्गांचा विचार करावा.

पहिला मार्ग विंडोजच्या सेटिंग्जमधील रीसेटचा. त्यात ‘फाइल्स ठेवा’ हा पर्याय निवडल्यास फोटो व कागदपत्रे राहतात, परंतु आपण टाकलेले प्रोग्रॅम जातात. मराठी टंकलेखनाचा कीबोर्डही पुन्हा बसवावा लागू शकतो. ‘क्लाउड डाउनलोड’ (विंडोजच्या नव्या फाइल्स इंटरनेटवरून घेणे) निवडल्यास सुमारे ४ जीबी डेटा लागतो, आणि मूळ सिस्टिम फाइल्स बिघडल्या असतील तर तोच पर्याय बरा.

दुसरा मार्ग, किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने बसविण्याचा. येथे डिस्कचे जुने विभाजन (विंडोज असलेला भाग) पुसले जात असल्याने सर्व माहितीची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घेणे अपरिहार्य आहे. मात्र कंपनीने भरलेले अनावश्यक प्रोग्रॅम यात बव्हंशी परत येत नाहीत, आणि विंडोजचा डिजिटल परवाना त्याच यंत्राशी जोडलेला असल्यास तीच आवृत्ती इंटरनेट मिळताच सक्रिय होते. व्हायरसची शंका असेल, तर मी निःसंकोच हाच मार्ग निवडेन. एरवी घरगुती वापरासाठी रीसेट पुरेसा आहे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात घ्यावे.